चोरमिनिटे

जहाजावरील चौथ्या दिवशी सायंकाळी मिनिटराव भोजनगृहातील खुर्चीवर टेकले, तेव्हा विश्रांती घेऊन घेऊन त्यांचे अंग आंबून गेले होते. लेकीने आणि जावयाने मोठ्या हौसेने आईवडिलांना या आठ दिवसांच्या जलपर्यटनास धाडले होते. सोबतीला लेकीची मावशी आणि काका, म्हणजे पत्नीची धाकटी बहीण आणि मिनिटरावांचे साडू, हेही होते. परंतु ज्या मनुष्याने आयुष्याची चौतीस वर्षे बस आगारात वेळापत्रके आखण्यात वेचली, त्यास काहीही सुटत नाही आणि काहीही येत नाही अशा ठिकाणी चार दिवस बसवून ठेवणे ही एक प्रकारची शिक्षाच होय.

मिनिटराव हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. आगारातील चालक-वाहकांनी ते ठेवले होते आणि पुढे ते सोयऱ्याधायऱ्यांतही रूढ झाले. आता, वेळापत्रक आखणाऱ्यांची एक रीत असते, जी सामान्य प्रवाशांस ठाऊक नसते. गाडी चाळीस मिनिटांत पोचत असेल, तर कागदावर पंचेचाळीस लिहावयाची. वाटेत फाटक लागले, चाक बसले, कोणी म्हातारी उतरावयास वेळ लावू लागली, तर ती वरची पाच मिनिटे उपयोगी पडतात. ती कोठे दडविली आहेत, हे केवळ आखणाराच जाणतो. सदऱ्याला जसा चोरखिसा असतो, तशी ही चोरमिनिटे.

मिनिटरावांनी ही विद्या घरीही आणली होती. त्यांची पत्नी, जिला धाकट्या बहिणीमुळे सगळेच ताई म्हणत, स्वभावतः सावकाश. निघताना तिला कुलूप दोनदा ओढून पाहावे लागे, गॅस तीनदा. म्हणून साडेसातची गाडी असली की मिनिटराव तिला सातची सांगत. ताईंनी हे बिंग लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ओळखले; पण बोलून दाखविले नाही. पतीने सांगितलेल्या वेळेत अर्धा तास मिळवून त्या आपली तयारी करू लागल्या. त्यांनी घड्याळ बांधणेही सोडून दिले; घरात एक चालतेबोलते असताना दुसरे कशाला, असे म्हणत. ते म्हणत सात, त्या समजत साडेसात, आणि दोघेही वेळेवर पोचत. असा हा पस्तीस वर्षांचा संसार, कोणी कोणास खरी वेळ न सांगता, एकही गाडी न चुकता चालला होता.

"मग, उद्याचं काय ठरलं तुमचं?" साडूंनी हातरुमालाने तोंड पुसत विचारले. साडू विमा कचेरीतून निवृत्त झालेले असल्याने त्यांस प्रत्येक गोष्टीत आधी धोका दिसे. "आमची जहाजाची सहल पक्की. पिवळी बस. किल्ला, काचेचा कारखाना, बाजार. जेवण त्यातच."

"किल्ल्यावर किती वेळ?" मिनिटरावांनी विचारले.

"वीस मिनिटं."

"आणि कारखान्यात?"

"सव्वा तास."

"म्हणजे तिथे दुकान आहे."

धाकटी खुदकन हसली. साडूंनी मात्र बोट उचलले. "हसा. पण आमची बस कुठे अडकली ना, तर जहाज आमच्यासाठी थांबतं. सहल त्यांचीच आहे. तुम्ही आपले आपले गेलात आणि उशीर झाला, तर तुमच्यासाठी कुणी भोंगासुद्धा वाजवणार नाही, मिनिटराव!"

"मला कधी उशीर झालेला पाहिलात?"

"भावोजी, तुमचं नाही हो," धाकटी म्हणाली, "पण ताईचे गुडघे बघा की."

"गुडघे माझे आहेत. मी बघते," ताई म्हणाल्या, आणि तो विषय तेथेच मिटला.

कारण ताईंस जावयाचे होते ते ठिकाण कोणत्याही सहलीत नव्हते. त्यांचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनघरात कामाला होता. तेहेतीस वर्षांपूर्वी तो आजारी पडला, तेव्हा जहाजाने त्यास याच बंदरात उतरविले आणि टेकडीवरील खलाशांच्या विश्रामगृहात ठेविले. तेथून त्याने ताईंस एक पत्र धाडले. 'इथे भिंतीशी लोखंडी बाक आहे. त्याचा एक पाय आखूड, विटेवर टेकवलाय. बसलो की जरा डुलतो, म्हणजे जहाजावरच असल्यासारखं वाटतं. रोज संध्याकाळी खालची जहाजं मोजतो. काल चौदा होती. तू लिही काहीतरी. कुणाचंच पत्र येत नाही.' ताई तेव्हा नव्या सासरी. आज लिहू, उद्या लिहू म्हणता तीन महिने उलटले. अखेर चार पानांचे उत्तर लिहिले, ते पोचलेही. परंतु दादाच्या पश्चात जी पत्र्याची पेटी घरी आली, तीत ते न फोडलेले निघाले.

ते पाकीट ताईंनी आजही फोडले नव्हते. लेकीने जलपर्यटनाचा कागद दाखविला आणि त्यात या बंदराचे नाव दिसले, तेव्हा त्यांनी एकांती पतीला एवढेच म्हटले होते, "मला त्या बाकावर बसून दादाला ते वाचून दाखवायचंय." लेक आणि मावशी यांना वाटले, आईला हवापालट हवा आहे. खरे कारण केवळ मिनिटरावांस ठाऊक होते.

म्हणून त्यांनी घरीच चौकटीच्या कागदावर आराखडा केला होता. बंदर लहान, त्यामुळे जहाज बाहेर नांगर टाकणार आणि लाँचने माणसे धक्क्यावर नेणार. दहाच्या सुमारास धक्का. दहा पंचवीसची बस. पंचावन्न मिनिटांनी टेकडीचा पायथा. वीस मिनिटे चढण. वर पूर्ण एक तास. मग बारा पंचावन्नची बस, एक पन्नासला धक्का. शेवटची लाँच अडीचची होती. ताईंना त्यांनी दोनची सांगितली. अर्धा तास चोरखिशात.

"दोनची," ताईंनी मान डोलविली, आणि मनात अडीच धरले.

सकाळी मात्र आराखड्याचे पहिलेच पाऊल अडखळले. लाँचसाठी क्रमांकाचे बिल्ले वाटले होते. परंतु जहाजाच्या सहलींचे प्रवासी आधी, ही तेथील रीत कागदावर कोठेही लिहिलेली नव्हती. पिवळी, निळी, हिरवी, एकामागून एक निशाणे घेऊन माणसे उतरू लागली. साडू जाताना हात हलवून म्हणाले, "येतो हो, मिनिटराव! किल्ला पाहून सांगतो कसा आहे ते!" मिनिटराव नाट्यगृहाच्या मऊ खुर्चीत बिल्ला मुठीत धरून बसले. साडेनऊ झाले, दहा झाले. खिडकीवरच्या बाईस त्यांनी दोनदा आपला कागद दाखविला. तिने दोन्ही वेळा गोड हसून खुर्चीकडे बोट केले. ज्यांनी उभ्या आयुष्यात हजारो माणसांस रांगेत उभे केले, ते आज स्वतः रांगेत होते, आणि एकेक मिनिट गळत होते.

"फार उशीर झाला का हो?" ताईंनी विचारले.

"छे! धरलाय मी तेवढा."

ते धक्क्यावर उतरले तेव्हा अकरा वाजले होते. दहा पंचावन्नची बस वळणावर पाठमोरी दिसली. अकरा पंचवीसच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, एवढेच समाधान. गावातून जाताना दोन्ही बाजूंस वाळत घातलेली कापडे, सायकल दुरुस्तीची दुकाने, शाळेची जाळी, सगळे काही कोणत्याही गावात असावे तसेच होते. ताई खिडकीबाहेर पाहत होत्या आणि पर्स पोटाशी धरून होत्या. मिनिटराव मनात बेरीज-वजाबाकी करीत होते. पायथ्याशी बारा वीस. वीस मिनिटांच्या चढणीला गुडघ्यांनी अर्धा तास घेतला. दर तिसऱ्या वळणावर कठड्याला धरून थांबावे लागले. बारा पंचावन्नची बस तर आता हातची गेलीच होती. आता एक पंचवीसची बस पकडली, तर दोन वीसला धक्का आणि अडीचची लाँच. चोरखिसा पार रिकामा झाला होता. त्यांनी तोंड उघडले, परंतु ताई कपाळावरचा घाम पुसून हसल्या आणि म्हणाल्या, "आलंच की!" तेव्हा त्यांनी ते मिटून घेतले.

विश्रामगृह आता विश्रामगृह राहिले नव्हते. बंदर खात्याचे जुने कागद ठेवण्याचे ते गुदाम झाले होते. दाराशी एक जाडजूड राखणदारीण बसली होती. तिची भाषा यांना येईना, यांची तिला. ताईंनी दादाचा जुना फोटो दाखविला, हाताने बाक करून दाखविला, मग एक पाय उचलून आखूड पाय करून दाखविला. राखणदारीण आधी चक्रावली, मग मांडीवर थाप मारून उठली आणि त्यांना इमारतीमागे घेऊन गेली. तेथे पाण्याच्या टाकीशेजारी तो बाक होता. गंजलेला, पाठ वाकलेली, एक पाय आखूड. तोंड मात्र विटांच्या भिंतीकडे.

"इथून काय दिसणार त्याला?" ताई म्हणाल्या. "अहो, हा तिकडे न्यायला हवा. पुढच्या भिंतीशी."

"अगं, लोखंडी आहे तो!"

"धरा एका बाजूनं."

राखणदारणीस शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. तिने एक बाजू धरली, मिनिटरावांनी दुसरी. बासष्टाव्या वर्षी, परमुलखात, जेवणाच्या वेळी, उपाशी पोटी, लोखंडी बाक ओढीत नेताना मिनिटरावांच्या नाकी नऊ आले. मध्ये दोनदा खाली ठेवावा लागला. राखणदारीण प्रत्येक वेळी काहीतरी बोलून हसत होती. ते बहुधा त्यांच्या ताकदीविषयी असावे. अखेर बाक भिंतीशी लागला. राखणदारणीने कोठूनशी एक वीट आणून पायाखाली सारली आणि ती आपल्या जागी निघून गेली.

ताई बसल्या. बाक किंचित डुलला.

खाली समुद्र पसरला होता. ताईंनी बोटाने जहाजे मोजली. "नऊच आहेत," त्या म्हणाल्या. "आपलं धरून." मग त्यांनी पर्समधून पाकीट काढले, केसांच्या पिनेने काळजीपूर्वक फोडले, चष्मा बदलला. मिनिटरावांनी घड्याळ पाहिले. एक वाजून सात मिनिटे. सव्वा वाजता निघणे भाग होते.

ताई वाचू लागल्या. स्वतःचेच तरुणपणीचे अक्षर त्यांना लागत नव्हते. "'दादा, शिरसाष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस...'" एवढ्यावर त्या थांबल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पहिले पान संपता संपता एक वाजून चौदा मिनिटे झाली.

"निघायला हवं," मिनिटराव म्हणाले.

ताईंनी मान वर केली नाही. "तीन पानं राहिलीत."

"अगं, बस चुकेल."

"अहो, मला का माहीत नाही?" ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चोरी पकडल्याचा आनंद नव्हता, केवळ थकलेपण होते. "पस्तीस वर्षं तुम्ही वेळ लपवून ठेवता. मी कधी बोलले? आज मागते. तुमची ती चोरमिनिटं असतील ना, ती द्या मला. वीस मिनिटं द्या."

वाचकहो, मिनिटरावांचा क्षण येथे आला. ताईंनी आजवर ही मिनिटे गुपचूप घेतली होती. उघड हात पसरून कधी मागितली नव्हती. आणि नेमक्या आजच ती नव्हती. वीस मिनिटे बसणे म्हणजे पुढची बस, म्हणजे शेवटची लाँच गेलेली. टॅक्सी बोलवावी, तर तीही गावातूनच वर येणार. दोन शब्द उच्चारले असते, 'संपली गं', तर ताई तत्काळ उठल्या असत्या, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या उठल्या असत्या, तीन पाने पर्समध्ये घातली असती, पुन्हा कधी ती काढली नसती. खाली ते पांढरे जहाज ऊन खात निवांत उभे होते. त्याच्याकडे पाहताना मिनिटरावांस एकाएकी असे वाटले, की आपण चौतीस वर्षे ज्यांच्यासाठी मिनिटे वाचविली, त्यांतले कोणीही कधी ओळखीचे नव्हते.

"आहेत," ते म्हणाले. "वीस आहेत. वाच सावकाश."

आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाक त्यांच्या बाजूने डुलला. ताईंनी दुसरे पान काढले. त्यात नव्या घराच्या नळाची तक्रार होती, शेजारणीच्या बोलण्याची नक्कल होती, आणि 'हे फार चांगले आहेत, पण सारखे घड्याळ बघतात' असे एक वाक्य होते. ते वाचताना ताई मध्येच हसल्या आणि मग बराच वेळ त्यांना वाचता आले नाही. मिनिटरावांनी त्या वेळात एकदाही मनगटाकडे पाहिले नाही. एक पंचवीसची बस खालून घरघरत गेली, ती त्यांनी कानांनी ऐकली.

पत्र संपले. ताईंनी त्याच्या घड्या पूर्वीसारख्या घातल्या.

"इथे ठेवणार?" मिनिटरावांनी विचारले.

"वाऱ्यानं उडून जाईल," ताई म्हणाल्या आणि पाकीट पर्समध्ये ठेवले. मग बाकाच्या पाठीवरून एकदा हात फिरवून उठल्या. "चला. आता पळवा हवं तेवढं."

पळविण्यासारखे काही उरले नव्हते. एक पंचावन्नच्या बसने ते दोन पन्नासला धक्क्यावर आले. जहाज होते, पण लाँच वर ओढून घेतलेल्या होत्या. धक्का रिकामा होता. दोर गुंडाळणारा एक मनुष्य आणि जहाज कंपनीचा स्थानिक अडत्या, पांढऱ्या सदऱ्यातला, हाती पाकीट व एक पिशवी घेतलेला, एवढेच काय ते. त्याने यांच्याकडे पाहिले आणि अशा थकल्या चेहऱ्याने मान हलविली की, असे प्रवासी त्याला दर खेपेस भेटत असावेत. पाकिटात दोघांची पारपत्रे होती. जहाजावरच्या तिजोरीतून काढून ती किनाऱ्यावर धाडली होती.

ताई जहाजाकडे पाहत राहिल्या. मग पतीकडे वळल्या.

"वीस आहेत म्हणालात."

"नव्हती."

"कधीपासून नव्हती?"

"लाँचच्या रांगेतच संपली. बाकी होती ती चढणीवर."

"मग सांगायचं ना, अहो!"

"सांगितलं असतं तर तू उठली असतीस."

"उठलेच असते की!"

"म्हणून तर."

ताईंचा राग दुसऱ्या वाटेने बाहेर आला. "पस्तीस वर्षं खोटं बोलून वेळेवर पोचवलंत. आणि आज खोटं बोललात ते असं! आता माझ्या गोळ्या तिकडे, गुडघ्याचा पट्टा तिकडे, तुमचा फोन इथे मुका झालेला. धाकटीचा जीव टांगणीला लागला असेल. आणि तुमचे साडू! ते आता मरेपर्यंत बोलून दाखवणार."

"दाखवू दे."

अडत्याने पिशवी पुढे केली. ती धाकटीने भरून शेवटच्या लाँचबरोबर पाठविली होती. गोळ्या, पट्टा, ताईंची शाल, बिस्किटांचे दोन पुडे. वर साडूंच्या ठाशीव, कचेरीतल्या अक्षरात चिठ्ठी होती: 'पुढील बंदर परवा सकाळी. आगगाडी आहे असे समजते. काळजी नसावी. भोंगा वाजविण्याची विनंती कप्तानास केली आहे.'

तीन वाजता जहाज वळू लागले, आणि खरोखरच त्याचा भोंगा वाजला. लांबलचक. मग आणखी एकदा. ताईंनी पदर तोंडाला लावला. हसतात की रडतात हे मिनिटरावांस कळले नाही.

स्थानक धक्क्यापासून दोन चौक. प्रतीक्षागृहात लाकडी बाके होती, चारी पाय सारखे असलेली. ताईंनी पट्टा बांधला, गोळी घेतली, बिस्किटे खाल्ली. मिनिटराव तिकिटे काढून, भिंतीवरील वेळापत्रकासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. शेवटच्या दोन स्थानकांतले अंतर गाडी येताना सव्वीस मिनिटांत आणि जाताना चौदा मिनिटांत कापीत होती. बारा. कोणीतरी, या परमुलखात, त्यांच्याचसारखी बारा मिनिटे तेथे दडवून ठेविली होती. त्या अनोळखी कारकुनाविषयी त्यांना माया वाटली.

ते परतले तेव्हा ताईंनी विचारले, "कितीची आहे गाडी?"

सहा दहा, असे त्यांच्या जिभेवर आले. पस्तीस वर्षांची जीभ ती. मग ते म्हणाले, "सहा चाळीस."

ताई एका झटक्यात उठल्या, शाल खांद्यावर टाकली, पिशवी उचलली. तीनदा सांगितल्याविना जी बाई कधी जागची हलली नव्हती, ती पहिल्याच शब्दाला उभी राहिली.

"अगं, कुठे निघालीस? आता कुठे पाच वाजताहेत."

"तुमचा काय नेम? तुमच्याकडे काही शिल्लक असेल, असं आता धरून चालता येत नाही."

मिनिटराव बाकावर बसले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली.

"बस गं. दीड तास आहे."

"लपवलेला?"

"नाही," मिनिटराव म्हणाले. "खरा आहे."

ताईंनी क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग पिशवी खाली ठेवली आणि त्या सावकाश बसल्या.